गर्दीत हात सोडायचा न्हाई

नेमसिंगनं सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती. त्याच्या गाडीत कुणाचा खिसा कापला गेला, तर तो अपमान त्याला स्वतःचा वाटायचा. म्हणून रिटायर झाल्यावर बायकोला हैदराबाद दाखवायचं ठरलं, तेव्हा त्यानं चारमिनारपेक्षा तिथल्या चोरांचीच तयारी जास्त केली. बनियनला आतून खिसा शिवून घेतला, पिशवीच्या तोंडाला सेफ्टी पिना लावल्या.

"कुणी धक्का दिला तर त्या बाजूला बघायचं न्हाई. दुसऱ्या बाजूला बघायचं, हात तिकडून येतो," हे ऐकून ऐकून धुरपताबाईचे कान किटले.

"अन् ती कोथळी घरी ठेव."

"ती न्हाई ठेवायची," धुरपता म्हणाली.

तिथंच बोलणं संपलं. कमरेला बांधायची ती भरतकामाची पिशवी धुरपतानं निताच्या घागऱ्याच्या कापडाची केली होती. निता त्यांची एकुलती एक लेक. शाळेत नाव घालायच्या वयात तापानं गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. बाजारात नेमसिंग तिला एकच गोष्ट बजावायचा, गर्दीत हात सोडायचा न्हाई. पोरीनं ते असं काही मनावर घेतलं, की गर्दी नसली आणि तांड्यातली कुत्री नुसती भुंकली तरी ती बापाचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरायची. शेवटच्या दिवशीही तिनं ते धरूनच ठेवलं होतं. बोटं त्यालाच सोडवावी लागली.

साखऱ्याजवळच्या त्यांच्या तांड्यात एक जुनी रीत होती. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून न्यायचे तेव्हाची. मुक्काम हलवताना घरातला कर्ता माणूस एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचा. ज्याचं नाव घेतलं नाही, तो मुक्कामावरच राहतो, असं मानायचे. बैल गेले, मीठ गेलं, रीत राहिली. लग्नाला निघाले तरी दारात हाका व्हायच्या. निता गेल्यावर नेमसिंगनं त्या बंद केल्या. एक नाव गाळून हाक मारणं त्याला जमेना.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. निघायच्या सकाळी कुलूप ओढून बघताना गडी खुशीत होता. त्या खुशीतच जुनी सवय तोंडातून निसटली.

"धुरपता, निता, चला रे!"

दोघंही जागीच उभी राहिली. नेमसिंगला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. धुरपतानं एकदा उंबऱ्याकडं पाहिलं आणि ती चालू लागली.

चारमिनारजवळच्या बांगड्यांच्या बाजारात तापलेल्या लाखेचा, अत्तराचा आणि भज्यांच्या तेलाचा वास एकात एक मिसळला होता. रिक्षांच्या घंट्यांनी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एक म्हातारा दुकानदार धुरपताला बांगड्या दाखवता दाखवता थांबला. तिच्या कमरेच्या जरा खाली बघून तो हसला आणि कुणी न मागता त्यानं लहान मापाचा एक जोड काढला.

"ये बच्ची के वास्ते."

नेमसिंगला राग आला. गिऱ्हाईक गटवायच्या नाना तऱ्हा त्यानं पाहिल्या होत्या. धुरपतानं मात्र तो जोड घेतला, कोथळीत टाकला आणि वर पक्की गाठ मारली.

"कोणासाठी?" त्यानं विचारलं.

"असू द्या."

पुढं गर्दी दाटली. नेमसिंगला उजवीकडून धक्का बसला. त्यानं आपल्याच शिकवणीप्रमाणं डावीकडं पाहिलं. कुणी नव्हतं. बनियनचा खिसा चाचपला, जागेवर होता.

"अवं, कोथळी!"

धुरपताच्या कमरेला कापलेली नाडी लोंबत होती. तिच्या तोंडाकडं त्याला बघवेना. ती रडत नव्हती. निताला नेलं त्या दिवशीही ती अशीच उभी होती. नेमसिंग गर्दीत घुसला.

फार लांब जावं लागलं नाही.

चौकड्यांच्या शर्टातला एक दाढीवाला माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. लोक त्याला वळसा घालून चालले होते. त्याच्या मुठीत कोथळी होती. पण तो पळत नव्हता. त्याचा हात खाली ओढल्यासारखा ताठ झाला होता आणि कपाळावरून घाम गळत होता.

"चाचा," तो पुटपुटला, "थैली ले लो. तुमारी बच्ची कू बोलो, हात छोड़ दे बोलके."

त्याच्या हाताजवळ कुणीच नव्हतं.

मनगटाची कातडी मात्र आत दबलेली होती. बोटं मावतील एवढ्या जागी. लहान बोटं.

धुरपता मागून आली. तिनं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, भीती नाही आली.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमचंच ऐकती ती."

नेमसिंगनं पोरीला जन्मभर याच्या उलटच शिकवलं होतं.

"निता," तो म्हणाला. "सोड बेटा. आपलं आपल्याला मिळालं."

त्या माणसाचा हात सैल पडला. कोथळी नेमसिंगच्या हातात देऊन, मान वर न करता तो गर्दीत मिसळला.

दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली, तरी धुरपता फलाटावरच उभी.

"हाका मारा," ती म्हणाली.

"लोक बघून राहिले."

"बघू द्या. परमुलखात लेकरू ठिवून मी येणार न्हाई."

नेमसिंगनं एरवी वाद घातला असता. पण ती बोटं एकदा त्यानं आपल्या हातानं सोडवली होती, आणि त्यानंतर एकही रात्र त्याला धड झोप लागली नव्हती. पुन्हा ते करायची त्याची छाती नव्हती. त्यानं तोंडाशी हात धरले आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"धुरपता! निता! चला, घरी चला!"

साखऱ्याच्या फाट्यावर ते एसटीतून उतरले, तेव्हा ऊन कललं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती. नेमसिंगनं पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. डावा हात अंगापासून जरा लांब, खाली सोडून तो चालला होता.

"काहून इतकं हळू चालून राहिले?" धुरपतानं विचारलं.

"लेकरू दमलं असंल."

धुरपतानं त्याच्या हाताकडं पाहिलं आणि आपलीही चाल कमी केली. तिच्या कमरेला कोथळी होती. बाजारात मारलेली गाठ अजून तशीच होती.

तांड्याच्या वळणावर ओळखीची कुत्री शेपट्या हलवत धावत आली आणि मधेच थबकून भुंकायला लागली. नेमसिंगच्या मनगटावरची पकड एकदम घट्ट झाली. मग दुसरा हातही येऊन बिलगला, आणि लाखेच्या बांगडीची गार कड त्याच्या कातडीला लागली.