डावीकडं दोनच बोटं

लाइट गेली होती. जुळे सोलापुरातल्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नागप्पाकाका खुर्ची टाकून बसले होते. पुढ्यात चटईवर त्यांचा पुतण्या अमरेश आणि पुतणी शिवलीला.

"काका, भुताचं सांगा. पण खरं पायजे," अमरेश म्हणाला.

"खरंच सांगतो की. आधी ती मोबाइलची बॅटरी बंद कर. मल्लप्पा मिस्त्री माझ्या शेजारच्या गाळ्यातला. त्याच्याकडं गाडी घेऊन यायची एक बाई, रेश्मा. तिचं हाय हे."

आणि काकांनी सांगितलं ते असं.

रेश्माच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, जेऊरच्या एका माणसाकडून जुनी गाडी घेतली. गाडी गुणी होती, फक्त मागून आवाज करायची. डाव्या अंगाला, खट्... खट्. रेश्माची चार वर्षांची पोर, उत्कर्षा, मागच्याच सीटवर बसायची. चाक निखळलं तर पोरीचं काय, ह्या एका धास्तीनं रेश्माचा डोळा लागत नव्हता.

"तुला काय, रिकाम्या डब्यातनं पण आवाज येतोय," आदिनाथ म्हणायचा.

मल्लप्पानं मागचे शॉकअप बदलले. रबरी बुश बदलले. स्प्रिंगा नव्या टाकल्या. डिक्कीतला जॅक चिंधीत गुंडाळला. आवाज होता तिथंच. मग त्यानं आपली जुनी रीत काढली. मागं वजन टाकायचं. काही ढिलं असलं तर वजनाखाली गप बसतं. ज्वारीचं पोतं ठेवलं. खट्... खट्. दोन ठेवली. तेच. पण उत्कर्षा बसली की गाडी गप्पगार.

"क्विंटलभर ज्वारीला ऐकंना, आन् ह्या चिमणीला ऐकतंय व्हय?" मल्लप्पा हसला.

रेश्मा हसली नाही. पोरगी नेहमी उजवीकडं सरकून बसते, हे तिनं केव्हाच पाहिलं होतं.

तेवीस नोव्हेंबर, रविवार. अंधार पडून गेला होता, पावणेआठ झाले होते. पोरीला शेजारच्या काशम्माकडं ठेवून तिघं वैरागच्या रस्त्याला लागले. आदिनाथ चालवायला, शेजारी रेश्मा. मागची सीट रिकामी. मल्लप्पा डिक्कीत आडवा, कान डाव्या शॉकअपच्या डोक्यावर टेकवून. असा आवाज पकडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पहिला स्पीडब्रेकर. खट्... खट्.

दुसरा. खट्... खट्.

पुढं रस्ता नवाकोरा. सपाट. एक खड्डा नाही.

खट्... खट्... खट्...

डिक्कीतून पत्र्यावर थापा पडल्या. थांबा म्हणून.

आदिनाथनं उतरून डिक्की उघडली. मल्लप्पा घामानं भिजला होता.

"खालनं न्हाय..."

"मग कुटनं?"

"सीटवरनं. बारकं पोर बसून कंटाळलं की... टाचा आपटतंय बघा सीटला... तसं."

मल्लप्पानं टायर आणि मडगार्डच्या मधे हात घातला. उजवीकडं चार बोटं बसली. डावीकडं...

दोनच.

स्प्रिंगा नव्या. गाडी रिकामी. तरी डावं अंग खाली बसलेलं.

रेश्मानं तिथूनच जेऊरला फोन लावला. "तुमच्या गाडीत... मागं... लहान कुणी..."

पलीकडच्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"आमीपण विकलीच की, ताई. तुमी पण विका."

फोन बंद.

चार दिवसांत आदिनाथनं गिऱ्हाईक आणलं.

"त्यांना सांगितलंत का?" रेश्मानं विचारलं.

"आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

तिला कडूजहर वाटलं, पण घरात तिचं ऐकतं कोण? गाडी न्यायला माणूस आला, त्याला चहा दिला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ती खाली गेली. वाटीतलं दही-साखर चमचाभर काढून मागं डाव्या सीटवर ठेवलं. कुणाचं का असेना, लेकरूच. तसंच उपाशी कसं काढून द्यायचं?

आठवड्यानं मल्लप्पाचा विसरलेला पाना द्यायला ती स्कूटीवरून गॅरेजला गेली. मागं उत्कर्षा.

"मागचा शॉकअप बसलाय तुजा," मल्लप्पा लांबूनच म्हणाला. "पोरीला उतरव बरं."

तिनं पोरीला उतरवलं. स्वतः उतरली. स्कूटी साइड स्टँडला लावली.

मल्लप्पा वाकून बघत राहिला. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "गाडी देताना... काय केलतंस तू?"

"काय न्हाय. दही ठेवलं सीटवर. साखर घालून... लेकरू होतं म्हणून..."

मल्लप्पा तिथंच खाली बसला.

"दही कशाला देतो गं आपण, जाणाऱ्याला?"

लग्नापासून रोज रेश्माच दही देत आली होती, नवऱ्याच्या हातावर, पोरीच्या हातावर. गेलेलं माणूस सुखरूप आपल्या घरी परत यावं म्हणून...

उत्कर्षा केव्हाच गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसली होती. स्कूटीवर कुणी नव्हतं.

शॉकअप दबलेला होता. तो वर आलाच नाही.