शेजारच्या खाटेवरून आलेला वास

पैज लावतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. समोर माझी बायको भिकुबाई शेंगा फोडत बसलीय. एकेक ओळ तिला वाचून दाखवत लिहितोय. म्हणजे साक्षीदारही आहे.

सत्याऐंशी सालचा मे महिना. धुळे. भर दुपार.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

भाच्याच्या वरातीत मी मेटॅडोरच्या टपावरून खाली पडलो. डोकं थेट दगडावर.

तिथे सगळ्यांनी घेतलेली होती. मी नाही. आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. पण कोणाचा तरी ग्लास माझ्या सदऱ्यावर सांडला होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा मी गुत्त्यासारखा घमघमत होतो.

डॉक्टरांनी लांबूनच वास घेतला.

“प्यायलाय. झोपू द्या. उतरेल.”

मी हातपाय झाडले, तर वॉर्डबॉय हिलालने पट्ट्यांनी मला खाटेला बांधून टाकलं. दोन्ही हात, दोन्ही पाय.

“अरे, डोक्याच्या आत काहीतरी होतंय,” मी म्हणालो.

“सगळ्यांच्याच होतं, भाऊ,” हिलाल हसला. “सकाळचा पेशंट तर म्हणत होता, मी कलेक्टर शे.”

पडदा ओढून तो गेला.

वीजही गेली. पंखा थांबला...

मी हाका मारल्या. पडद्यापलीकडून हसण्याचा आवाज आला, माणूस काही आला नाही. डोकं जड होत चाललं होतं. डोळे मिटत होते. आणि आतून पक्कं कळत होतं, आता झोपलो तर उठणार नाही.

तेवढ्यात शेजारची खाट करकरली...

ती रिकामी होती. मला आणलं तेव्हा तिच्यावर नुसती गुंडाळलेली गादी होती.

मी मान वळवली.

गादी उलगडलेली होती... मधोमध दबलेली. कोणी निजल्यासारखी.

मग वास आला. मोहाची दारू. तीही पहिल्या धारेची, साक्रीकडची, काडी लावली तर निळी पेटणारी.

आणि कानाशी थंड श्वास...

“भाऊ, पिधी शे का?”

प्यायलोय का, असं तो विचारत होता.

“मी पिधी व्हती,” तो म्हणाला. “खरं सांगितलं. म्हणून निजू दिलं मला... अजून कोणी उठवलं नाही.”

मी पट्ट्या ओढल्या. त्या मनगटात रुतल्या.

“तूही पिधी असशील, तर राहा इथेच. नसशील, तर जा. पण लबाड निघालं, तर न्यायला येसू...”

“थेंबही नाही,” मी म्हणालो.

माझ्या तोंडाशी वास घुटमळला. नुसता वास...

मग उजव्या हाताची गाठ सैल झाली. मी सोडली नव्हती. हात मोकळा होताच मी बाकीच्या गाठी ओरबाडल्या आणि पडद्यासकट बाहेर कोसळलो, थेट सिस्टर कुंदाबाईंच्या पायाशी. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. पापण्या वर केल्या.

“याची एक बाहुली मोठी झालीय,” त्या म्हणाल्या, आणि धावपळ सुरू झाली. कवटीला भोक पाडून आत साचलेलं रक्त काढलं. तो खड्डा अजून आहे, बोट घालून बघा.

शुद्धीवर आल्यावर मी त्यांना शेजारच्या खाटेबद्दल विचारलं.

“मागच्या उन्हाळ्यात तिथे एकाला असंच ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “उतरेल म्हणून.”



तेव्हापासून मी, कोणी विचारो न विचारो, सांगत असतो. लग्नात, बसमध्ये, झोपण्याआधी अंथरुणात. थेंबही नाही.

इथवर वाचून दाखवलं. भिकुबाईचे हात शेंगांवर थांबले.

“आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत ना?” ती म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. “मग ती पहिल्या धारेची शे, हे तुमच्या नाकाला कोणी शिकवलं?”

“हळू बोल...” मी म्हणालो.