पश्चिमेची खिडकी

माझ्या हवामान केंद्रावर कुणाचातरी ओला टॉवेल वाळत होता. निळा, पट्ट्यापट्ट्यांचा, चांगला चादरीएवढा. टॉवेलाचा मालक गच्चीच्या कठड्याशी उभा राहून दुसरा टॉवेल पिळत होता.

"हा तुमचा?" मी विचारलं.

"हो. का, उडाला होता का?"

"उडाला असता तर उपकार झाले असते."

मी शाळेत भूगोल शिकवते आणि बाबांबरोबर सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. उन्हाळ्यात आमचं घर नुसतं भाजून निघतं. एसीने बाबांना खोकल्याची उबळ येते, आणि ऑपरेशननंतर उकाडाही त्यांना सोसत नाही. दादा म्हणतो, माझ्याकडे पाठव त्यांना, इकडे हवा गार आहे. दादाचा फोन आला की बाबा काही न बोलता कुंड्यांना पाणी घालायला उठतात. त्यांना जायचं नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मी दादाला शब्द दिला होता : महिनाअखेरीस ये, भर दुपारी घर एकतीस अंशांच्या आत दाखवते. नाही जमलं तर घेऊन जा बाबांना.

त्यासाठी गच्चीवरचं माझं हवामान केंद्र, म्हणजे बाहेरचं तापमान मोबाइलवर दाखवणारी ही डबी. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की खिडक्या उघडायच्या, वर चढला की लावून घ्यायच्या. त्या दुपारी शाळेत पेपर तपासताना मोबाइलवर पाहिलं, तर बाहेर चक्क सव्वीस. मी लगेच घरी फोन केला.

"बाबा, सगळ्या खिडक्या उघडा."

"अगं, झळा येताहेत."

"आकडा खोटं बोलत नाही, बाबा."

घरी आले तेव्हा बाबा डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसले होते. तोंड लालबुंद. मी तशीच गच्चीवर धावले होते.

हे सगळं मी टॉवेलवाल्याला एका दमात सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक टॉवेलाची," तो म्हणाला.

"टॉवेल स्वतःच्या पायांनी चढला नव्हता."

"नाही... ते खरं." त्याच्या पापण्यांवर अजून पाण्याचे थेंब होते. "तलावावर पोहायला शिकवतो मी. तुमच्या समोरच्याच घरात राहायला आलोय. बाबांची माफी मागायला आलो तर चालेल?"

तो आला. बाबांना तो पहिल्याच भेटीत आवडला, आणि मला त्याचाही राग आला.

आठवडाभराचे आकडे लावून पाहिले, तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. संध्याकाळी वारा सुटायचा तो पश्चिमेचा, आणि आमच्या घराला पश्चिमेकडे एकही खिडकी नाही. सगळी पश्चिम समोरच्या घरात. त्याच्याकडे. मी दोन दिवस कुढले, मग पदर खोचून त्याची बेल वाजवली.

"मला तुमचं दार हवंय."

"अख्खं?"

"उघडं. संध्याकाळी, मागच्या खिडकीसकट."

"आणि मला काय मिळणार?"

"वारा."

"तो माझ्याकडे आहेच की हो."

"आमची खिडकी उघडल्याशिवाय तो तुमच्या घरात शिरायचा नाही. बघा करून."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि खिडकी उघडली. मी धावत आमच्या उघडल्या. त्याच्या घरातून, मधल्या बोळातून वारा सरळ आमच्या हॉलमध्ये आला. पडदे फुगले. बाबांनी खुर्चीत डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "हं..."

मग रोजचंच झालं. दोन उंबऱ्यांवर दोघं बसायचो, मध्ये वारा.

"बाई, बाहेर किती?"

"तेहतीस. आत बत्तीस. थांबा."

"थांबतोय. मला काही घाई नाही..." म्हणताना तो माझ्याकडे बघत असायचा. तुम्हीचं तू कधी झालं, ते कोणत्याही यंत्राने टिपलं नाही.

दादा यायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी टॉवेलवाल्याला गावाबाहेर जायचं होतं. जाताना त्याने माझ्या तळहातावर चावी ठेवली. बोटं जरा रेंगाळली.

"वारा माझ्यासाठी थांबणार नाही. तू उघड."

मी त्याच्या घरात पाऊल टाकलं आणि जागीच थबकले. पश्चिमेच्या खिडकीला दोरी बांधून त्याने त्याचे सगळे टॉवेल टांगले होते. खाली पाण्याने भरलेली बादली, आणि काठावर मग. मी ते एकेक भिजवले, खिडकी उघडली, आणि त्या गार वाऱ्यात उभ्या उभ्या मला रडू आलं. हा माणूस मला हवा होता, आणि हे मी त्याला सांगणार होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादा आला. बाहेर चाळीस, आत साडेतीस. त्याने माझ्या मोबाइलवरच्या आकड्यावर टिचकी मारली, मग गच्चीवर जाऊन डबीवर काही टाकलंय का तेही पाहून आला.

बाबा म्हणाले, "मला इथला वारा मानवतो. मी इथेच राहणार." या विषयावर पहिल्यांदाच बोलले ते. दादाने माझ्याकडे हताशपणे पाहिलं आणि पाणी मागितलं.

तेवढ्यात बेल वाजली. त्या वेळी दार उघडायचं नाही, हा माझाच नियम. मी उघडलं. तो घामाने निथळत उभा होता, खांद्यावर बॅग.

"जमलं?"

"जमलं."

"मग दार लाव. बाहेर चाळीस आहे, घर तापेल."

"तापू दे. मला तू आवडतोस."

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "हे आकड्यांवरून काढलंस?"

"आकडा बघितलाच नाही."

"मग... चावी परत मागायला आलो होतो, ती राहू दे तुझ्याकडे. मला तर टॉवेल वाळत घातला त्याच दिवशी..."

"अगं, एकतीस होत आले!" आतून दादा ओरडला. "कोण आहे दारात?"

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं, आणि मग दार लावलं.