लाल ट्रे, निळा ट्रे

"मी हातसुद्धा लावला नाही," पुष्कर पुन्हा म्हणाला, पण कुणी ऐकून घेईना.

दिवाळीच्या सुट्टीत गरिमा आणि तिचा धाकटा भाऊ पुष्कर उत्तरेतल्या शिंदे की छावनी या वस्तीत सीमंतिनीमावशीकडे आले होते. मावशी पुरातत्त्वज्ञ. कोकणात समुद्रकाठच्या एका कपारीत तिने उत्खनन केलं होतं. तिथली अश्मयुगीन दगडी हत्यारं धुऊन तिने गच्चीत वाळत घातली होती. वरच्या थरातली निळ्या ट्रेमध्ये, खालच्या, फार जुन्या थरातली लाल ट्रेमध्ये. क्रमांक घालायचे राहिले होते, आणि आज पाहते तर ट्रे जागच्या जागी सरळ, पण आतली हत्यारं सगळी एकमेकांत मिसळलेली!

"गच्चीत चेंडू कोण खेळत होतं?" मावशीचे यजमान दिनकरकाका म्हणाले. "उद्याच घरी पाठव त्याला."

मावशीने चेंडू उचलून आत ठेवून दिला. गरिमाला तेच जास्त लागलं.

शेजारची शिखा आली, तेव्हा गरिमा ट्रेपाशी वाकून बसली होती.

"अरे, ये तो कूलर की घास है," शिखा म्हणाली. दगडांत वाळक्या काड्या अडकल्या होत्या.

कूलर कोपऱ्यात उभा होता. सकाळी तो काकांनी वर आणला होता. काकांना विचारायचं कसं?

जेवताना ती हळूच म्हणाली, "काका, लाल ट्रे एकटाच उपडा झाला होता ना?"

"एकटा कुठला, दोन्ही..." काका थांबले.

"कूलर ठेवताना धक्का लागला," शेवटी त्यांनी मावशीला सांगितलं.

दुपारभर सगळे गच्चीत दगड निवडत बसले. वरच्या थरातल्या दगडांना शिंपल्यांचे पांढरे कण चिकटले होते, खालच्यांवर तांबूस डाग होते. काहींवर कसलीच खूण नव्हती. तशातला एक कपचा गरिमाने एका डागाळलेल्या दगडाला लावून पाहिला. तो नेमका बसला.

"याच दगडातून काढलाय तो. म्हणजे त्याच थरातला," मावशी म्हणाली. "शाबास, पोरींनो. तुम्ही बघितलं नसतं तर माझं सगळं काम गेलं होतं."

तरी मूठभर दगड उरलेच. "यांचं आता कधीच कळणार नाही," म्हणत तिने ते वेगळ्या पिशवीत बांधले.

काका पुष्करशेजारी येऊन बसले. "चुकलो रे मी. उगाच तुझ्यावर ढकललं."

पुष्करने लाल ट्रे त्यांच्याकडे सरकवला.

"तांबूस डागाचे यात टाका," तो म्हणाला. "नीट बघून."