बिनकॅरिअरची सायकल

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. छत्रीबागेतल्या त्या गल्लीत रात्री दहानंतर कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. परेश आणि आर्या नुसते सायकल न्यायला आले होते. परेशची नवीकोरी एमटीबी, रविवारी क्लबबरोबर जानापावच्या डोंगरावर पहिली राइड, म्हणून श्रीरामजींकडे ब्रेक आवळायला दिलेली. ब्रेक आवळून झाले होते. पण मागच्या चाकावर एक कॅरिअरही बसलेलं होतं.

"काकाजी, हे काय? डोंगराच्या सायकलला कॅरिअर?"

"काढून टाकू?"

"मग काय! क्लबवाले हसतील ना यार. फुकटचं वजन."

"हसतात," श्रीरामजी म्हणाले. "तेव्हाही हसले होते."

त्यांनी पाना उचलला, पण नट काही फिरवला नाही. हा माणूस चाळीस वर्षं सायकली विकतोय. गिऱ्हाईक पायरी चढण्याआधी चपलांवरून ओळखतो, घेणार की नुसती घंटा वाजवून जाणार. दुकानाला लिंबू-मिरची बांधत नाही, शनिवारी तेल ओतत नाही. कोपऱ्यात पुढच्या चाकाने हुकाला एक जुनी लाल सायकल टांगलेली होती, जाड टायरची. त्यांनी मानेनेच तिच्याकडे खूण केली.

"ही कुणाची?" आर्याने विचारलं. ती पुण्याची, वर्षभरापूर्वी नोकरीसाठी इथे आलेली.

"ज्ञानदीपची. बसा भिया, पाच मिनिटं. चहाचा ठेला तर बंद झाला, नुसतेच बसा."

आणि मग त्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

ज्ञानदीप परदेशीपुऱ्यातला, मिलच्या चाळीतला. आजोबा महूला पलटणीत होते, बाप किसन मिलमध्ये कताई खात्यात. आई लहानपणीच गेलेली. घरात हे दोघंच. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि भूतपिशाच्च, अंगात येणं, असल्या गोष्टींना उंबऱ्यातच मज्जाव. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं या घरातल्या पोराने सांगितलेलं आहे.

मिल बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं, आणि त्याच सुमारास बाजारात गिअरच्या सायकली आल्या. लोकांचं काम गेलं आणि काचेत नवा माल आला, असे दिवस होते ते. श्रीरामजींनी एक लाल सायकल मागवून दारात उभी केली. अख्खी गल्ली तिच्यावरून हात फिरवून जायची, घ्यायचं कुणी नाव काढत नव्हतं. मग ज्ञानदीप एका कुरिअरमध्ये लागला आणि बापाला घेऊन दुकानात आला. किसनने सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"बाकी सब ठीक आहे शेठ," तो म्हणाला, "पण माणूस बसणार कुठे?"

मिलवाल्यांची एक रीत होती. एका सायकलवर दोघं. चढ आला की मागचा उतरणार, सीटच्या गादीला हात लावून पळत ढकलणार, आणि माथा आला की धप्पकन उडी मारून बसणार. पुढच्याने थांबायचं नाही, मागे बघायचं नाही. धक्का बसला की समजायचं, आला. किसनची निम्मी हयात अशीच मिलच्या पुलावर गेली. त्याने कॅरिअर मागून घेतलं आणि स्वतः बसवलं. फ्रेमचा रंग खरचटू नये म्हणून क्लिपांखाली मिलमधल्या मशीनच्या पट्ट्याचे दोन चामडी तुकडे गुंडाळले, वरून बारीक तार पिळली, तेलाचं बोट फिरवलं.

"बघा शेठ. मी मेलो तरी हे हलत नाही."

आठवडाभर पोरगा त्याला मागे बसवून फिरला. किसन मिलच्या फाटकाशी उतरायचा, तिथे बसलेल्या चार जणांत बसायचा, संध्याकाळी पुन्हा मागे. काम नव्हतं, पण जाणं-येणं होतं.

महूला उदयसिंह म्हणून एका फौजीचा मुलगा होता. त्याने गिअरच्या सायकलवाली पाच-सहा पोरं जमवून डोंगरावर जायचा ग्रुप केलेला. ज्ञानदीप पहिल्या रविवारी तिथे पोचला तर हाळी आली, "लो, दूधवाले भिया आ गए! टंकियाँ किधर हैं?" उतारावर ते कॅरिअर खडखड वाजलं, आणि प्रत्येक खडखडीला मागून कुणीतरी "दूऽऽध" ओरडलं.

सोमवारी तो दुकानात. "काकाजी, काढा हे."

किसन पायरीवरच उभा होता. काढताना बघत राहिला. काढून झालं, तेव्हा एवढंच म्हणाला, "हलकी झाली असेल."

श्रीरामजींनी ते कॅरिअर चामड्याच्या तुकड्यांसकट खिळ्याला टांगून ठेवलं. त्या दिवसापासून किसन सायकलचं नाव काढेना. कुठेही जायचं तर पायी.

आता ती रात्र. एकोणीसशे त्र्याण्णव, अकरा डिसेंबर, शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर.

दिवेलागणीला ज्ञानदीप दुकानात असतानाच फोनवर निरोप आला. एका पाइपच्या गोदामात चौकीदार हवा होता आणि किसनचं नाव लागलं होतं. सकाळी सातला हजर व्हायचं, नाही तर दुसरा माणूस तयार उभा होता. मिल सुटल्यापासून पहिलं काम. आणि किसन सकाळीच पायी महूला गेलेला, बहिणीकडे, गयाबाईकडे.

ज्ञानदीपचा चेहरा असा उजळला म्हणता! "आत्ता घेऊन येतो."

श्रीरामजींनी खिळ्याकडे हात केला. "हे लावून जा. किती वेळ लागतो?"

"राहू द्या काकाजी. त्यांना टेम्पोत बसवीन, मी मागून येईन."

गेला. महूला गयाबाई चुलीपाशी होती.

"दादा? अरे, तो तर जेवून दुपारीच निघाला. आतल्या वाटेने जातो म्हणाला, मोठ्या रस्त्यावर ट्रकांचा धूर फार. तुला नाही भेटला?"

कसा भेटणार? हा मोठ्या रस्त्याने आलेला. घरी पोचले असतील, असं तो आत्याला म्हणाला, पाणी प्यायला आणि लगेच फिरला. पण जिवाला चैन पडेना. त्यानेही आतली वाट धरली.

रुळांच्या कडेने जाणारी गाडीवाट. दोन्हीकडे गहू. हँडलला बांधलेल्या बॅटरीचा उजेड चाकापुढे हातभर. थंडी अशी की बोटं ब्रेकवर चिकटावीत. मधूनमधून तो हाक मारायचा, "बाबा...!" कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

राऊच्या अलीकडे एक मोठी बाभूळ आहे. ती मागे गेली. दहा-वीस हात गेला असेल...

धप्प.

मागचं चाक दबलं. हँडल हलकं झालं. ओळखीचा धक्का. आठवडाभर रोज बसलेला.

"बाबा! किती शोधलं तुम्हाला! अहो, काम लागलं तुम्हाला. चौकीदाराचं. उद्या सातला हजर व्हायचंय."

मागे दमल्या माणसाचा श्वास. मग आवाज.

"चल."

पोरगा खुशीत पॅडल मारत सुटला. जड जात होतं, पण जड जाणं गोड लागत होतं. गोदाम कुठे आहे ते सांगितलं. रात्रीची पाळी असेल, शाल नेत जा म्हणाला. सकाळी मीच सोडीन म्हणाला, रोज सोडीन, हसू दे कुणाला हसायचं ते. उद्याच कॅरिअर परत...

तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

कॅरिअर.

"बाबा... नीट बसलात ना?"

"हं."

"कशावर...?"



त्याने एक हात मागे नेला. गादी लागली. गादीच्या मागे काही नाही. गार हवा. चाक मात्र दबलेलं. स्पोक करकरताहेत.

चढ आला.

वजन उतरलं. मागे चपला वाजू लागल्या. फट्. फट्. फट्. गादीला रेटा बसला. गिअर बदललाच नाही त्याने. सायकल आपसूक वर निघाली.

माथा.

धप्प.

तो रडत होता. पॅडल मारत होता. मागे बघितलं नाही. थांबला नाही. रीतच ती... आणि धीरही नव्हता.

राऊ गेलं. शहराचे दिवे आले. एक चढ, फट् फट् फट्. एक माथा, धप्प. शेवटी मिलचा पूल. पुलावर तो रेटा सगळ्यात जोरात होता. जसा उशीर झालेला माणूस ढकलतो तसा.

मिलच्या फाटकाशी वजन उतरलं. या वेळी परत बसलं नाही.

चपला फाटकाच्या दिशेने गेल्या. आणि मग फाटकाच्या पलीकडे वाजल्या. कुलूप जिथल्या तिथे. गंजलेलं.

"बाबा... घर इकडे आहे. सकाळी सातला..."



चाळीतल्या खोलीला कुलूपच होतं. ज्ञानदीप तसाच छत्रीबागेत आला, शटर वाजवलं, आणि आत झोपलेल्या श्रीरामजींनी उघडल्यावर सायकल सोडून पायरीवर बसला. हे सगळं त्याने तिथे बसूनच सांगितलं. पहाटेपर्यंत पुरलं.

सकाळी राऊच्या अलीकडे, त्याच बाभळीखाली, शेतावर निघालेल्यांना किसन सापडला. झोपेत असावा तसा, चपला उशाशी. डॉक्टर म्हणाले, चालून छातीवर ताण आला; काल दुपार कलतानाच गेला. म्हणजे निरोपाचा फोन आला, त्याच्याही आधी.

सातला गोदामात दुसरा माणूस हजर झाला. तो महिनाभराने सोडून गेला, कुरिअरची कंपनीही बसली, तेव्हा गोदामाच्या फाटकावर चौकीदार म्हणून ज्ञानदीप बसला. अजून बसतो. पन्नाशीला आला. पायी जातो, पायी येतो. डोंगराकडे परत फिरकला नाही.

श्रीरामजी थांबले.

"आणि ही सायकल?" आर्या हळूच म्हणाली.

"त्याच पहाटे आत घेतली. हुकाला अडकवताना मागच्या चाकाशी हाताला काहीतरी लागलं. बॅटरी आणून बघितलं, आणि मग खिळ्यावरचं कॅरिअर बघितलं. त्याच्या क्लिपा नुसत्या होत्या, उघड्या." त्यांनी पान्याने दाखवलं. "तुम्हीच बघा, तेव्हापासून तिथेच आहेत."

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, कॅरिअरच्या क्लिपा बसतात नेमक्या त्या जागी, चामड्याचे दोन तुकडे गुंडाळलेले होते. वरून बारीक तारेचा पीळ.

"काकाजी," परेश म्हणाला, "माझं कॅरिअर... राहू द्या."

आर्या उठून सायकलीपाशी गेली. "याला तेलबिल घालता तुम्ही?"

"तीस वर्षांत मी हात लावलेला नाही."

तिने चामड्यावरून एक बोट फिरवलं आणि बल्बच्या उजेडात धरलं.

बोट काळं झालं होतं. तेल ओलं होतं.