दगडी घोड्याखालचा फेस

"उद्या सकाळच्या बसने तू डोंगरात मावशीकडे जाते आहेस. विषय संपला!" आईने बॅगेची चेन खर्रकन ओढली.

"पण आई, मी कारंज्यात साबण टाकलेलाच नाही!" जिल्दा रडकुंडीला आली.

"मग फेस काय दगडी घोड्याच्या तोंडाला आला?"

गेला आठवडाभर दुपार झाली की चौकातले दगडी घोड्याचे मोठे कारंजे फेसाने भरून जायचे. समोरच्या खाणावळीचे मालक सोर रेमो यांनी पोलीस फाउस्ताबाईंना जिल्दाची साबणाचे फुगे उडवायची बाटली दाखवली आणि लगेच निकाल लागला! बाटली जप्त झाली. मावशीच्या गावी शेळ्यांशिवाय बोलायला कोणी नव्हते. सगळी सुट्टी मातीत जाणार होती.

जिल्दा तणतणत खाली आली. चौकातल्या जुन्या महालाच्या पायऱ्यांवर तिचा मित्र तुल्यो आणि त्याची धाकटी बहीण मिर्ता बसली होती.

"शी! सोर रेमोंचं सरबत आज पण कोमट!" मिर्ताने तोंड वाकडे केले. "आणि आइस्क्रीम तर नाहीच म्हणाले."

"फ्रिज बिघडला असणार," तुल्यो म्हणाला. "ऑगस्टमध्ये दुरुस्तीवाला कुठून मिळणार? अख्खं रोम समुद्रावर गेलंय."

जिल्दा एकदम ताठ झाली. "थांब! मग काल त्यांच्याकडे खाल्लेलं कलिंगड थंडगार कसं होतं?"

फ्रिजशिवाय गार पाणी चौकात एकाच ठिकाणी होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि कारंज्याकडे धूम ठोकली. दगडी घोड्याच्या शेपटीला मागच्या बाजूने एक दोरी बांधलेली होती. तिचे दुसरे टोक पाण्यात खोल गेले होते!

तुल्योने हात पुढे केला. जिल्दाने त्यावर चापट मारली. "वेडा आहेस का? पाण्यात हात घालायला बंदी आहे. आपणच चोर ठरू! ज्याची दोरी, त्यालाच काढू दे."

दुपारी चौक सामसूम झाला. खिडक्यांची दारे बंद झाली. फाउस्ताबाई नेहमीप्रमाणे महालाच्या कमानीत, खांबाआडच्या सावलीत डबा खात बसल्या होत्या. जिल्दा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मी उद्या चालले. जाण्याआधी एक गंमत दाखवू? फक्त इथून हलायचं नाही."

"गंमत? तुझी?" बाईंनी डोळे बारीक केले. "बरं, जेवण होईपर्यंत बसते. पण फेस दिसला तर याद राख!"

तिकडे मिर्ता खाणावळीत शिरली. "सोर रेमो, घरी पाहुणे आलेत! एक अख्खं कलिंगड हवंय. पण थंड हं! कोमट असेल तर आजी पलीकडच्या गल्लीतून आणणार आहे."

"पलीकडच्या गल्लीतून? त्या भामट्याकडून?" सोर रेमो उखडले. "पाच मिनिटं थांब!"

ते बाहेर आले. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, बाह्या सरसावल्या आणि दोरी ओढली. फेसाचा लोट उसळला आणि जाळीतून दोन गलेलठ्ठ कलिंगडे वर आली!

"सोर रेमो!" कमानीतून फाउस्ताबाईंचा आवाज कडाडला. "हात कुठे आहेत तुमचे?"

सोर रेमो जागच्या जागी थिजले. "फ्रिज बंद पडलाय हो बाई! दुरुस्तीवाला महिनाअखेरीशिवाय येत नाही... पण कारंजं घाण होऊ नये म्हणून मी प्रत्येक कलिंगड भांड्यांच्या साबणात बुडवूनच सोडतो!"

"आणि नंतर तो साबण पाण्याने धुता की नाही?"

"धुवायचं कशाला? पाण्यातच तर जाणार ना!"

तुल्यो पोट धरून हसला. जिल्दाला मात्र हसू आले नाही. "आणि नाव माझं घेतलंत!" ती ओरडली. तिचा आवाज ऐकून वरची खिडकी उघडली. आई धावत खाली आली. जाळी, कलिंगडे, फेस, सगळे तिने पाहिले.

"मी तुला एकदासुद्धा नीट विचारलं नाही," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, जिल्दा."

"पोरगी हुशार आहे तुमची! मी रोज इथे बसून जेवते, पण मला दोरी दिसली नाही," फाउस्ताबाईंनी कबूल केले. त्यांनी खिशातून बाटली काढून जिल्दाच्या हातात ठेवली. सोर रेमोंच्या हातात मात्र त्यांनी घासायचा ब्रश दिला.

संध्याकाळी सोर रेमो घोडा घासत होते. मावशीकडे न्यायची बॅग तोवर रिकामी होऊन पलंगाखाली गेली होती. जिल्दाने पायरीवर बसून एक भलामोठा फुगा सोडला. तो तरंगत जाऊन सोर रेमोंच्या नाकावर फुटला.

"हा मात्र माझाच हं, सोर रेमो!" ती म्हणाली.