आरोग्यसभेला गाव हजर

बोरगव्हाणच्या आरोग्यसभेला सगळं गाव हजर होतं, समाजमंदिरात माणसं मात्र दोनच होती. एक आरोग्य केंद्रातून आलेली अश्लेषा आणि दुसरी सत्तरी ओलांडलेली पंचफुलाबाई. बाकीच्यांच्या प्रतिवाण्या भिंतीवरच्या पडद्यातून बोलत होत्या.

प्रतिवाणी म्हणजे माणसाचं बोलणं वर्षभर ऐकून, त्याच्याच आवाजात त्याच्या वतीने बोलणारं यंत्र. ते सभेत मत देतं, आणि मालकाला उगीच त्रास नको म्हणून किरकोळ बोलावणी परस्पर निपटतं. सोय मोठी झाली होती. आताशा गावात कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नसे.

आरोग्याचा कार्यक्रम गावानेच ठरवायचा, असा नियम होता. गावाने काहीच सुचवलं नाही, तर जिल्ह्याचा तयार कार्यक्रम यायचा : मनगटाला पट्टा बांधून घरातल्या घरात चालणं.

"मग काय हवंय गावाला?" अश्लेषाने विचारलं.

"सगळे म्हनतीन ते," एक प्रतिवाणी म्हणाली.

"आधी बाकीच्यायचं आयका जी," दुसरी म्हणाली.

पुढच्याही तशाच. चारचौघांत आपलं घोडं पुढे दामटू नये, ही इथली रीत यंत्रांनी इमानेइतबारे उचलली होती. पूर्वी शेजारचा कोपराने ढोसून बोलतं करायचा. यंत्राला कोपर कुठून असणार? अश्लेषाने कपाळाला हात लावला.

"मावशी, तुम्ही तरी बोला. नाहीतर जिल्ह्याचंच लागू होईल."

पंचफुलाबाईने पदर सावरला. "मले एकटीले जेवन जात नाही, बाई. एकटीसाठी काय रांधू? चहात टोस्ट बुडवून दिवस काढतो मी. एक टाइम गावानं संगं जेवावं. मी रांधतो." एवढं बोलून ती लाजेने चूर झाली.

पडद्यावरून लगेच होकार आले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि पहिल्या जेवणाला सगळ्यांनी "येतो ना जी" म्हटलं.

जेवणाच्या दिवशी समाजमंदिरात पानं मांडून झाली, वरण निवत आलं, तरी दारात कुणी नव्हतं. "येतो म्हनतेत. नेहमीच म्हनतेत," पंचफुलाबाई म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या घरातले शेषराव उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "फोडनीचा वास आला. मशीनले पुसलं, तर म्हने गावजेवन हाय, मी तुमचा होकार कळवला."

"पोळ्याले बोलावलं, दिवाळीले बोलावलं. दरसाली येतो म्हटलं तुमी, अन् आले नाही," ती म्हणाली.

"मले बोलावलं?" शेषराव आत येऊन पानावर बसले. "मले कोनी सांगतलंच नाही वो बाई."

इतकी वर्षं आपण या माणसाचा राग केला, याचं पंचफुलाबाईला फार वाईट वाटलं. तिने त्यांच्या पानात वरणभात वाढला. शेषरावांनी घास उचलला, पण तो हातातच राहिला.

"माहा भाऊ मागच्या साली गेला. आजारी होता, पन त्यानं मले कधी बोलावलं नाही, म्हनून मी बी गेलो नाही," ते म्हणाले. "बाई, त्यानं बोलावलं असंल काय?"